साडेसहा अंशांचा उतार

काटेसाहेबांच्या घरातली कुठलीही वस्तू हलत नाही. टेबल डुगडुगत नाही, खुर्ची लंगडत नाही, भिंतीवरचं कॅलेंडर तिरकं होत नाही, आणि झालंच तर ते सरळ केल्याशिवाय साहेब जेवायला बसत नाहीत. वजनमापे खात्यात छत्तीस वर्षं काढली की माणसाचं असं होतं, असं त्यांची बायको सांगते. दुकानादुकानांतून तराजू तपासत हिंडायचं, काटा मध्यावर येतो की नाही ते बघायचं, येत नसेल तर दुकानदाराला घाम फोडायचा, हे त्यांचं काम. 'काटेसाहेब' हे नावसुद्धा दुकानदारांनीच ठेवलेलं. प्रेमाने ठेवलं असावं असं साहेबांना वाटतं, आणि निवृत्त माणसाचा असला गैरसमज आपण कशाला दूर करा!

तर अशा माणसाच्या दिवाणखान्यात एका मंगळवारी सकाळी पिनबॉलचं कोरं करकरीत मशीन येऊन उभं राहिलं.

ज्यांनी हा प्रकार पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. काचेखाली भलंमोठं टेबल, त्यात दिवे, घंट्या आणि बोगदे. स्प्रिंग ओढून सोडली की पोलादी गोळी सुसाट वर जाते, इथे तिथे धडकते आणि खाली यायला लागते. ती तळाच्या भोकात गडप व्हायच्या आत दोन्ही बाजूंची बटणं दाबायची, म्हणजे फ्लिपर नावाच्या दोन बोटभर पट्ट्या तिला पुन्हा वर हाणतात. उजवं बटण उजव्या हाताला, डावं डाव्या हाताला. खेळ म्हणाल तर एवढाच, आणि यातून कुणाचं काही भलं झाल्याचं ऐकिवात नाही.

पण साहेबांनी ते आणलं होतं ते त्या डाव्या बटणासाठी. त्यांचे थोरले भाऊ, दादा, आठ महिन्यांपूर्वी अर्धांगाचा झटका आल्यापासून त्यांच्याकडेच राहायला आले होते. पाय सुधारला, जीभही हळूहळू वळायला लागली, पण डावा हात मांडीवर ठेवलेल्या पिशवीसारखा नुसता पडून असायचा. व्यायामाच्या बाईंनी दाबायला रबरी चेंडू दिला होता. दादांनी तो दोन दिवस बघितला आणि तिसऱ्या दिवशी खिडकीतून भिरकावून दिला, तोही उजव्या हाताने.

बाईंनी मग साहेबांना बाजूला घेऊन स्पष्टच सांगितलं. "अजून सहा आठवडे बघू. तोवर बोटं आपणहून हलायला लागली तर पुढची आशा आहे. नाही लागली, तर मग आहे हे असंच धरून चालायचं."

त्या दिवशी परतताना गाडी मिळेना म्हणून दोघं दवाखान्याशेजारच्या खेळघरात जाऊन उभे राहिले. समोर पिनबॉलचं एक जुनं मशीन होतं. वेळ जात नव्हता म्हणून साहेबांनी दादांना त्याच्यापुढे बसवलं, डावा हात उचलून बटणावर ठेवला, आणि गोळी खाली आली तेव्हा त्या हाताचं मधलं बोट हललं. एकूण तीनदा हललं. साहेबांनी मोजलं. मोजण्याच्या बाबतीत साहेब चुकत नाहीत.

"अहो, पण म्हणून अख्खं मशीन?" बायकोने विचारलं. कंपनीचं नाव साहेब तिथूनच कागदावर उतरवून घेऊन आले होते.

मशीन लावून द्यायला कोणी येणार नव्हतं. चार हमालांनी ते आत आणलं, पाय बसवले, पुस्तिका हातात दिली आणि ते गेले. साहेबांना त्याचं काहीच वाटलं नाही. त्यांनी कपाटातून पाणसळ काढली, म्हणजे ती आत पाण्याचा बुडबुडा असलेली पट्टी. त्यांच्या दिवाणखान्याची जमीन गॅलरीकडे अंगठाभर उतरते, हे त्यांनी घर घेतलं त्याच दिवशी बिल्डरला सिद्ध करून दाखवलं होतं. त्यामुळे मशीनच्या चारी पायांखालचे स्क्रू फिरवून, हमालांच्या भरवशावर न राहता, ते तीन तास झटले. शेवटी पट्टी आडवी ठेवा, उभी ठेवा, कोपऱ्यातून कोपऱ्यात ठेवा, बुडबुडा आपला बरोब्बर मध्यावर. नोकरीत असते तर शिक्का मारून मोकळे झाले असते.

पुस्तिकेच्या पान चारवर मात्र त्यांना एक गफलत सापडली. मागचे पाय पुढच्यांपेक्षा उंच ठेवा, असं तिथे छापलं होतं. साहेबांनी त्यावर लाल शाईने काट मारली, समासात 'छपाईतील चूक' असं लिहिलं आणि त्याच दुपारी कंपनीला पत्र टाकलं. 'कोणतेही यंत्र तिरके ठेवणे शास्त्रात बसत नाही. पुढील आवृत्तीत दुरुस्ती व्हावी. कळावे.' आठ दिवसांत उत्तर आलं नाही तेव्हा त्यांनी स्मरणपत्रही टाकलं.

अख्ख्या मशीनमधला एकच भाग त्यांना मनापासून आवडला. वेगळ्या पिशवीत एक छोटा ओळंबा आला होता, गवंडी भिंत सरळ आहे का बघायला वापरतो तसला. मशीनच्या पोटात एका कडीच्या मधोमध तो टांगायचा. कोणी मशीनला धक्का मारून गोळी वळवायची लबाडी केली की ओळंबा कडीला टेकतो, मशीनच्या वरच्या पाटीवर 'टिल्ट' अशी अक्षरं पेटतात आणि खेळ जागच्या जागी बंद. "म्हणजे बघ दादा, यांनी आत एक तपासनीससुद्धा बसवलाय!" साहेब खूश होऊन म्हणाले. ओळंबा त्यांनी अर्धा तास खपून टांगला.

मग दादांना उंच स्टुलावर बसवलं, डावा हात बटणावर ठेवला आणि साहेबांनी स्वतः स्प्रिंग ओढली. गोळी वर गेली, दोन घंट्या वाजल्या, चार दिवे लागले. मग ती टेबलाच्या मधोमध आली आणि थांबली. थांबली म्हणजे अगदी ठाण मांडून बसली. थोड्या वेळाने मशीनलाच शंका आली असावी, कारण ते गोळी शोधायला आतल्या आत खडखड खडखड करायला लागलं. ती खडखड ऐकून वरच्या मजल्यावरचे निवृत्त हेडमास्तर चपला न घालताच खाली आले.

हेडमास्तरांनी तीस वर्षं विज्ञान शिकवलं होतं, पण ते थांबवल्यालाही बरीच वर्षं झाली होती. त्यांनी काचेतून गोळीकडे पाहिलं आणि निदान केलं. "चुंबकत्व! गोळी पोलादाची, घरभर लोखंड. ओढली जातेय बिचारी." झालं. फ्रिज स्वयंपाकघराच्या पार टोकाला गेला, लोखंडी कपाट आतल्या खोलीत गेलं, शिवणयंत्र गॅलरीत गेलं. साहेबांच्या बायकोने पाट्यावरचा वरवंटासुद्धा हलवू का म्हणून विचारलं, आणि तो दगडाचा असतो हे हेडमास्तरांनी तिला समजावून सांगितलं. गोळी जिथे होती तिथेच राहिली.

साहेबांनी कंपनीला फोन लावला. पंचवीस मिनिटं सनई ऐकल्यावर एक बाई बोलल्या. आवाज शांत होता. तक्रार घेण्याआधी मशीनची नोंदणी करावी लागेल, म्हणाल्या. नोंदणीच्या फॉर्मवर 'आस्थापनेचा प्रकार' असा रकाना होता आणि खाली पर्याय होते: हॉटेल, क्लब, मनोरंजन केंद्र. घर नव्हतंच. साहेबांनी रकान्याबाहेर 'घर' लिहून पाहिलं, फॉर्म परत आला. 'राहते घर' लिहिलं, तोही परत आला. खोटी माहिती देणाऱ्या शेकडो दुकानदारांना ज्यांनी धडा शिकवला त्या काटेसाहेबांनी शेवटी डोळे मिटून 'मनोरंजन केंद्र' वर खूण केली. त्या दिवशी त्यांना चहासुद्धा गोड लागला नाही.

त्याचे परिणामही झालेच. कंपनीचं पाकीट 'काटेसाहेब मनोरंजन केंद्र, पहिला मजला' अशा पत्त्यावर आलं आणि पोस्टमनने ते नेमकं इमारतीच्या चेअरमनांच्या पेटीत टाकलं. दुसऱ्याच दिवशी जिन्यात नोटीस लागली. राहत्या जागेत धंदा चालवणाऱ्यांनी सात दिवसांत खुलासा करावा. "मी? धंदा?" साहेब जिन्यातच उभे राहून एकट्याने बोलत होते. येणारेजाणारे वळसा घालून जात होते.

गोळीचं म्हणाल तर, कंपनीच्या बाईंनी फोनवर मशीन बंद करून चालू करायला सांगितलं. मग काच पुसायला, मग टेबल पुसायला सांगितलं. प्रत्येक वेळी साहेबांनी ते केलं आणि लेखी कळवलं. शेवटी हेडमास्तरांच्या सल्ल्याने त्यांनी ती गोळीच कापसात गुंडाळून रजिस्टर पोस्टाने कंपनीकडे तपासणीला धाडली. बारा दिवसांनी ती परत आली. सोबत एका ओळीची चिठ्ठी होती: 'गोळी उत्तम आहे.'

या सगळ्यात साडेतीन आठवडे गेले. दादा रोज सकाळी मशीनसमोर स्टुलावर येऊन बसायचे, डावा हात उजव्या हाताने उचलून बटणावर ठेवायचे आणि न येणाऱ्या गोळीची वाट बघायचे. दहा मिनिटं बसून पुन्हा खुर्चीत जायचे. बोलायचे काही नाहीत. साहेबांना ते बघवत नसे, म्हणून त्या वेळी ते पेपर तोंडापुढे धरत.

गोळी परत आली त्या दिवशी त्यांनी पुन्हा फोन लावला. तेव्हा बायको दुपारची पडली होती आणि दादा खुर्चीत डोळे मिटून होते.

"साहेब, मशीन लावताना पान चार बघितलं होतंत का?" बाईंनी विचारलं.

"बघितलं. त्यात चूक आहे. मी तुम्हाला दोनदा लेखी कळवलंय."

"अय्या! म्हणजे ती पत्रं तुमची होय?"

"पोचली ना?"

"पोचली म्हणजे काय! आमच्या इथे भिंतीवर लावलीयत. अक्षर फार सुरेख आहे हो तुमचं." मग त्यांचा आवाज जरा हळू झाला. "साहेब, रागावू नका, पण ती छपाईची चूक नाहीये. मागची बाजू उंचच ठेवायची असते. साडेसहा अंश उतार. उतारच नसेल तर गोळी खेळणाऱ्याकडे परत येणार कशी?"

साहेबांनी फोन ठेवला आणि पाणसळ मशीनवर ठेवून तिच्याकडे बघत बसले. बुडबुडा अजून मध्यावरच होता. छत्तीस वर्षं ज्या एका गोष्टीची त्यांनी खात्री बाळगली, तिने साडेतीन आठवडे त्यांच्या भावाचा हात अडवून धरला होता. गोळीला कोणी ओढत नव्हतं, हाच तर सगळा घोटाळा होता. त्यांना स्वतःची भयंकर लाज वाटली. भिंतीवरच्या त्या पत्रांचीही वाटली, नाही असं नाही, पण ती नंतर.

कोणी जागं व्हायच्या आत उरकून टाकावं म्हणून ते पाना घेऊन मशीनच्या मागे गुडघ्यांवर बसले. स्क्रू हलेना. पहिल्या दिवशी त्यांनीच तो गच्च आवळून ठेवला होता, आणि वर एवढं वजन, तो हलणार कसा!

"मागनं उचलायला लागेल," खुर्चीतून आवाज आला. दादा जागे होते.

"दादा, तू झोप."

"उतार दे त्याला." एकेक शब्द सावकाश आला. "पहिल्या दिवशीच... कळलं होतं मला."

साहेब उठून उभे राहिले. "मग बोलला का नाहीस? साडेतीन आठवडे झाले दादा! तुझेच आठवडे होते ते!"

"तू विचारलंस का?" दादा म्हणाले. थोडं थांबून म्हणाले, "तीन तास घासत होतास, छोट्या. तुझं तोंड बघितलं. म्हटलं, असू दे."

लहानपणी दोघांची ताटं शेजारी असायची आणि धाकट्याला वाटायचं की आई दोघांना अगदी सारखं वाढते. दादांचा हात मधेच येऊन स्वतःचा घास आपल्या ताटात टाकून जातो, हे त्याच्या कधी ध्यानात आलं नाही. आज एकदम आलं. साहेबांनी नाक ओढलं आणि फळी शोधायला गॅलरीत गेले.

तरफेचं गणित त्यांना तोंडपाठ. विटेवर फळी टेकवली, एक टोक मशीनच्या मागच्या बाजूखाली सारलं, आणि दुसऱ्या टोकावर दादांना धरून बसवलं. मशीन दोन बोटं वर उचललं गेलं. "दादा, हलू नकोस हां." "वजन... बरोबर आहे ना?" दादांनी विचारलं. "छप्पन्न किलो. पुरेसं आहे." साहेब पालथे पडून स्क्रू फिरवत होते, दादा फळीवर राजासारखे बसले होते, आणि दारात उभी राहून साहेबांची बायको हा सोहळा बघत होती, हे दोघांच्याही लक्षात यायला बराच वेळ गेला. "भाऊजी, पडाल!" ती ओरडली, आणि मग पदर खोचून तीही फळीवर बसली. त्यामुळे कोन जरा जास्तच झाला, पण तो नंतर कमी करता आला.

संध्याकाळी गोळी सोडली. वर गेली, घंट्या वाजवल्या आणि घरंगळत सरळ खाली आली. डावीकडेच आली. साहेबांनी दादांच्या बोटावर आपलं बोट ठेवून बटण दाबलं. काही झालं नाही. पुन्हा दाबलं. उजवा फ्लिपर फटाफट उडत होता, डावा ढिम्म.

दादांनी फ्लिपरकडे पाहिलं, आपल्या हाताकडे पाहिलं. "याचंही... डावंच गेलं," ते म्हणाले, आणि झटका आल्यापासून पहिल्यांदा हसले. साहेबांची बायको हसता हसता डोळे पुसायला आत गेली.

कंपनीच्या बाई म्हणाल्या, बटणामागचा स्विच बदलावा लागेल, तो परदेशातून येतो, सहा आठवडे धरा. आणि तोवर मशीन स्वतः उघडू नका, नाहीतर वॉरंटी जाईल. साहेबांकडे आता दोनच आठवडे होते. त्यांनी हे दादांना सांगितलं तेव्हा दादांनी हात पुढे केला. "उघड. आणि जाड कागद आण."

दादांची सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेली होती. तिथे पितळेच्या दोन पात्या एकमेकींना टेकल्या की माणसं बोलायची, आणि पात्यांमध्ये मळ बसला की बोलणं तुटायचं. दिवसभर त्या पात्यांमधून जाड कागद फिरवून मळ काढायचा, हे दादांचं काम. मशीनच्या बटणामागे अगदी तशाच दोन पात्या होत्या, गोदामात पडून काळवंडलेल्या. घरात जाड कागद म्हणावा असा एकच निघाला. वॉरंटी कार्ड.

साहेबांनी ते हातात घेतलं. त्यावर अटींच्या सतरा ओळी होत्या आणि सही त्यांची होती. नियम मोडणाऱ्यांकडे ते आयुष्यभर ज्या नजरेने बघत आले, तशी नजर आता कुणावर रोखायची हे त्यांना कळेना. मग त्यांनी कार्ड दादांच्या हातात दिलं. उजव्या हातात कार्ड, पण पाती धरून ठेवायला दुसरा हात हवाच. साहेब पुढे झाले तर दादांनी मानेनेच नको म्हटलं. डावा हात त्यांनी पातीपाशी नेऊन ठेवला. बोटं थरथरत होती, दोनदा पाती निसटली. तिसऱ्यांदा राहिली. कार्ड पात्यांमधून सरकलं, काळी रेघ घेऊन बाहेर आलं. साहेबांनी बटण दाबलं आणि फ्लिपरने असा फटका मारला की हेडमास्तर वरून खाली आले.

त्यानंतर दादा रोज खेळायला लागले. सकाळी एक तास, दुपारी एक तास. पहिले चार दिवस डावं बटण साहेबांच्या बोटाने दाबलं जायचं. पाचव्या दिवशी साहेबांनी बोट जरासं उचलून धरलं, आणि बटण दाबलं गेलं. अर्धवट, उशिरा, गोळी निघून गेल्यावर, पण दाबलं गेलं. त्यांनी कोणाला सांगितलं नाही. चेअरमन खुलासा मागायला आले होते, त्यांनी एक डाव खेळून बघितला आणि नोटीस स्वतःच काढून नेली, ती गोष्ट वेगळी. दादांच्या बोटांत जोर मात्र अजून नव्हता. नुसता स्पर्श होता. व्यायामाच्या बाईंच्या तपासणीला हे पुरेल का, या विचाराने साहेबांची झोप उडाली होती.

तपासणीच्या आदल्या दिवशी सकाळी दादा खेळत होते. डाव रंगला होता. गोळी डाव्या बाजूने खाली आली, फ्लिपर केसभर उशिरा उडाला आणि गोळी भोकाकडे निघाली. "अरे!" दादा ओरडले, आणि धाडकन आवाज झाला. मशीन हललं. पाटीवर मोठाली अक्षरं पेटली: टिल्ट. सगळे दिवे विझले.

साहेब पेपर टाकून धावले. मशीन पुढच्या बाजूने पाहिलं, मग पोटात डोकावून पाहिलं. ओळंबा कडीत अजून झुलत होता. तो त्यांनी स्वतः टांगलेला. कडीला टेकायला केवढा धक्का लागतो ते त्यांना नेमकं ठाऊक होतं. तो धक्का दमदार माणसाचा होता.

"दादा," त्यांनी विचारलं, "कुठल्या हाताने मारलास?"

दादांनी खाली बघितलं. उजवा हात आपल्या बटणावर होता. डावा तळवा मशीनच्या बाजूला चिकटलेला होता, बोटं पसरलेली, आणि तो कोणी उचलून तिथे ठेवला नव्हता.

त्याच वेळी फोन वाजला. कंपनीच्या बाई होत्या. "साहेब, तुमची तक्रार बंद करायची होती. आता काही अडचण नाही ना?"

"मशीन टिल्ट होतंय," साहेब म्हणाले.

"एवढंच ना! आतला ओळंबा चार आटे वर घ्या. मग कितीही धक्के मारले तरी होणार नाही."

"नको," साहेब म्हणाले. "नको हो बाई, आहे तिथेच राहू दे. ही तक्रार नाही. तुम्हाला नुसतं सांगतोय."

फोन ठेवून ते दादांच्या शेजारी येऊन उभे राहिले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्यांनी ते पुसलं नाही. दादा ओशाळले होते. "हललं... मशीन," ते म्हणाले. "पुन्हा लेव्हल करावं लागेल, छोट्या."

काटेसाहेबांनी नवीन डाव सुरू केला.

"मरू दे लेव्हल," ते म्हणाले. "दादा, पुन्हा हलव."